मेलेल्या गिधाडाची साक्ष

मराठी भाषेत गिधाडासाठी चांगला शब्द नाही. कोणी दुसऱ्याच्या मिळकतीवर टपून बसला की तो गिधाड. मयताच्या घरी दुसऱ्याच दिवशी वहीखाते घेऊन जाणारा सावकारही गिधाडच. जटायूची गोष्ट आपण मुलांना सांगतो खरी. परंतु जटायू गिधाड होता हे सांगण्याचे बहुधा टाळतो, आणि चित्रकारही त्याला गरुडाची मान व गरुडाचा डौल देऊन मोकळे होतात. ज्या प्राण्याविषयी भाषेतच इतकी शिसारी भरलेली आहे, तो आपल्या डोळ्यांदेखत नाहीसा झाला तर त्याचे सुतक कोणी पाळावे अशी अपेक्षा करणेच चूक. पण सुतक न पाळणे वेगळे आणि तो कशाने मेला याची चौकशी न करणे वेगळे. पहिल्यात दोष नाही. दुसऱ्यात आहे, आणि तो दोष आपल्या सुशिक्षित समाजाच्या पदरात घालण्यासाठीच हा लेख लिहिला आहे.

लिहिण्यास निमित्त झाले ते पेण तालुक्यातील जोहे गावच्या एका बैठकीचे. बैठकीस जमलेली मंडळी शिकलीसवरली, त्यांत दोन शिक्षक, एक निवृत्त अधिकारी आणि एक वकील. बोलता बोलता विषय निघाला तो दक्षिण आफ्रिकेतील ओंडरस्टेपोर्ट या पशुवैद्यकीय संस्थेचा. प्रिटोरियाजवळची ही संस्था अर्नोल्ड थायलर नावाच्या स्विस पशुवैद्याने १९०८ साली उभारली, आणि तिच्या नावाचे संशोधनपत्र १९३३ पासून निघत आहे. कुरंगांच्या अंगावरील गोचिडी, झेब्र्यांच्या आतड्यांतील जंत, हत्तीची फुप्फुसे, सिंहाच्या रक्तातील सूक्ष्म जीव असल्या विषयांवर तेथे पिढ्यान्‌पिढ्या निबंध लिहिले गेले आहेत. हे ऐकून वकीलसाहेब हसले आणि म्हणाले, "झेब्र्याच्या पोटातले जंत मोजून कोणाचे पोट भरते?" मंडळीत हशा पिकला. मग एकेकाने आपापली भर घातली. एक म्हणाले, माणसांची इस्पितळे ओस पडलेल्या देशाला हे लाड परवडणारे नाहीत. दुसरे म्हणाले, आपल्या पूर्वजांनी गजशास्त्र आणि अश्वशास्त्र केव्हाच लिहून ठेवले आहे. आता नवे शोधायचे ते काय? तिसऱ्यांनी भूतदयेचा मुद्दा काढला. मुक्या प्राण्याला जिवंतपणी चारा-पाणी द्यावे, मेल्यावर मूठमाती द्यावी. त्याची चिरफाड कशाला?

हे आक्षेप एका गावातील एका बैठकीचे नव्हेत. मुंबई-पुण्याच्या दिवाणखान्यांत ते याहूनही सफाईने मांडले जातात. म्हणून त्यांना उत्तर देणे अवश्य आहे. आम्ही काव्य आणि नाटके शिकविणारे. पशुवैद्यकात आमचा काही अधिकार नाही. परंतु पुढील हकीकत समजण्यास त्या शास्त्राच्या पदवीची गरज नाही. गरज आहे ती फक्त शेवटपर्यंत ऐकून घेण्याच्या धीराची.

हिंदुस्थानात एके काळी गिधाडे लाखोंनी होती. गावाबाहेर मेलेले ढोर टाकले की दोन घटकांत आकाशात ठिपके दिसू लागत आणि संध्याकाळपर्यंत हाडांखेरीज काही उरत नसे. १९९० नंतरच्या दशकात हे दृश्य विरळ होत गेले. राजस्थानातील भरतपूरच्या अभयारण्यात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे विभु प्रकाश यांनी ही घट मोजून १९९९ साली जगापुढे मांडली. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या शेकडा ९९.९ ने घटली. लांब चोचीची गिधाडे शेकडा ९७ च्या आसपास गेली. हजारातून एक उरावा, इतका संहार इतक्या थोड्या काळात दुसऱ्या कोणत्याही मोठ्या पक्ष्याचा झाल्याचे क्वचितच आढळेल.

ही गिधाडे मरत कशी? ती माना खाली टाकून तासन्‌तास फांदीवर बसत आणि मग एके दिवशी खाली पडत. प्रथम संशय आला तो साथीच्या रोगाचा. कोणी विषाणूचे नाव घेतले, कोणी शेतातील कीटकनाशकांचे. येथेच हा विषय संपला असता, आणि आपण सर्वांनी 'दैवाची इच्छा' म्हणून मान डोलावली असती. परंतु काही लोकांनी मेलेली गिधाडे उचलली, त्यांची पोटे फाडली आणि आत काय आहे ते पाहिले. पाकिस्तानातील पंजाबात लिंडसे ओक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी २५९ मृत गिधाडे तपासली. त्यांपैकी २१९ गिधाडांच्या हृदयावर, यकृतावर आणि मूत्रपिंडांवर चुन्यासारखा पांढरा थर बसलेला होता. पक्ष्यांच्या शरीरातील टाकाऊ द्रव्य युरिक आम्लाच्या रूपाने मूत्रपिंडांवाटे बाहेर पडते. मूत्रपिंडे निकामी झाली की ते रक्तात साठते आणि अवयवांवर त्याचे खडे धरतात. म्हणजे गिधाडे मूत्रपिंडाच्या विकाराने मरत होती हे ठरले. पण तो विकार कशाने? विषाणू सापडेना, जंतू सापडेनात, जड धातू सापडेनात, कीटकनाशकेही सापडेनात.

तेव्हा या मंडळींनी एक साधी गोष्ट केली. ती साधी होती म्हणूनच आम्हांस ती थोर वाटते. त्यांनी विचार केला की गिधाड खाते काय? मेलेली गुरे. मग गुरांना काय दिले जाते? गुरांच्या वैद्यांकडे आणि औषधविक्यांकडे जाऊन त्यांनी विचारपूस केली, आणि मूत्रपिंडांना बाधणारे व गुरांना सर्रास दिले जाणारे औषध एकच निघाले. ते म्हणजे डायक्लोफेनॅक. आपल्या घरोघरी गुडघेदुखीवर घेतात तेच हे. स्वस्त झाल्यावर ते लंगड्या बैलाला आणि तापलेल्या म्हशीलाही टोचले जाऊ लागले होते. पांढरा थर असलेली २५ गिधाडे तपासली, त्या पंचविसांच्याही मूत्रपिंडांत ते औषध सापडले. थर नसलेली १३ तपासली, त्यांपैकी एकातही सापडले नाही. २००४ साली हे प्रसिद्ध झाले. पुढे गणिताने असेही दिसून आले की, शंभर मृत जनावरांमागे एकाहून कमी जनावरांत हे औषध असले तरी एवढा संहार होण्यास ते पुरेसे आहे. कारण एका ढोरावर गिधाडांची अख्खी पंगत बसते.

वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. या शोधाला लागले काय? मेलेले पक्षी, एक सुरी, एक सूक्ष्मदर्शक, एक रसायनशाळा, आणि घाण वाटणाऱ्या वस्तूकडे निरखून पाहण्याची तयारी. यांतील शेवटची वस्तू आपल्याकडे सर्वांत दुर्मीळ आहे.

आता आफ्रिकेकडे वळू. कारण वकीलसाहेबांच्या हशाचे उत्तर तेथेच आहे. डायक्लोफेनॅक विष आहे हे कळले, तरी शेतकऱ्याला 'तुझ्या बैलाचे दुखणे तसेच राहू दे' असे सांगता येत नाही. त्याला दुसरे औषध द्यावयास हवे, आणि ते गिधाडांना निर्धोक आहे हे आधी सिद्ध व्हावयास हवे. ते कोणावर पाहावयाचे? हिंदुस्थानची गिधाडे इतकी थोडी उरली होती की प्रयोगात एक मेले तरी ती हानी. तेव्हा दक्षिण आफ्रिकेतील जेरी स्वान, विन्नी नायडू इत्यादी पशुवैद्यक संशोधकांनी आपल्याकडील पांढऱ्या पाठीच्या गिधाडांवर, म्हणजे आमच्या गिधाडांच्या जवळच्या भाऊबंदांवर, मेलॉक्सिकॅम हे औषध काळजीपूर्वक वाढत्या मात्रेने पाहिले. गिधाडांना ते बाधले नाही. पुढे आपल्याकडील गिधाडांवरही तोच अनुभव आला. हे २००६ साली प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी हिंदुस्थान सरकारने गुरांसाठी डायक्लोफेनॅक बनविण्यास मनाई केली. आफ्रिकेतील पक्ष्यांच्या रक्तात कोणते औषध किती वेळ टिकते हे पाहणारा कोणी तेथे नसता, तर रायगडातील गिधाडासाठी बोलावयास आपल्याजवळ शब्द होते, औषध नव्हते.

आणि आफ्रिकेशी आपली देवघेव एवढीच नाही. तिचा जुना हिशेब याहून काळा आहे. गुरांची बुळकांडी आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीस चांगली परिचित होती. १८८७ च्या सुमारास हा रोग पूर्व आफ्रिकेत शिरला. इटालियन सैन्याच्या मोहिमेसाठी समुद्रापलीकडून आणलेल्या गुरांबरोबर तो गेला, आणि ती गुरे हिंदुस्थानातील असावीत असे इतिहासकारांचे मत आहे. दहा वर्षांत तो त्या खंडाच्या दक्षिण टोकास पोचला. मसाई लोकांची बहुतेक गुरे मेली. गवे, कुरंग, जिराफ मेले. इथिओपियात पडलेल्या दुष्काळात तेथील सुमारे एक तृतीयांश माणसे मेली असा अंदाज केला जातो. त्या रोगावर प्रयोग करण्यासाठी रॉबर्ट कॉख हा जर्मन शास्त्रज्ञ किंबर्लीस गेला आणि तेथून १८९७ साली प्लेगच्या निमित्ताने मुंबईस आला. ओंडरस्टेपोर्टच्या थायलरनेही आपले नाव प्रथम याच रोगाच्या लढ्यात कमावले.

आमच्या पुण्यास या इतिहासात स्थान आहे हे किती पुणेकरांस ठाऊक असेल? हिंदुस्थानातील पहिली शाही जंतुशास्त्रीय प्रयोगशाळा १८८९ साली पुण्यातच निघाली. १८९३ साली ती कुमाऊँच्या डोंगरात मुक्तेश्वर येथे हलविली गेली. मुक्तेश्वरीच एडवर्ड्सने बुळकांडीचा विषाणू बकऱ्यांतून पुनःपुन्हा नेऊन त्याची धार बोथट केली आणि १९३० च्या आगेमागे लस तयार केली. पुढे केनियात वॉल्टर प्लाउराइटने अधिक निर्धोक लस केली. तिने सेरेंगेटीच्या सभोवतीच्या गुरांची बुळकांडी हटली आणि एक चमत्कार दिसला. विल्डबीस्ट नावाच्या कुरंगांची वासरे दर वर्षी ज्या रोगाने मरत, तो रोग लस टोचलीही नसताना नाहीसा झाला. म्हणजे रोग रानातून गोठ्यात येत नव्हता. गोठ्यातून रानात जात होता. अडीच लाखांच्या घरातील विल्डबीस्ट पंधरा-वीस वर्षांत बारा लाखांवर गेले. त्यांनी गवत खाल्ले, म्हणून वणवे कमी झाले. वणवे कमी झाले, म्हणून झाडे वाढली. २०११ साली बुळकांडी जगातून निर्मूल झाल्याचे जाहीर करण्यात आले. देवीनंतर माणसाने समूळ उपटलेला हा दुसराच रोग. 'झेब्र्याच्या पोटातले जंत' मोजणाऱ्यांच्या जातीचेच हे लोक, वकीलसाहेब. यांनी कोणाचे पोट भरले ते इथिओपियात विचारावे.

आता इस्पितळांचा, म्हणजे पैशाचा आक्षेप. माणूस आधी, जनावर मागून. हे आम्हांसही मान्य आहे. परंतु हा हिशेब पुरता मांडा. गिधाडे गेल्यावर मेलेली ढोरे कोणी खाल्ली? भटक्या कुत्र्यांनी व उंदरांनी. उरलेली कुजून ओढ्या-विहिरींत उतरली. ईयल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी गिधाडे पूर्वी पुष्कळ असलेले जिल्हे आणि मुळातच थोडी असलेले जिल्हे यांतील मृत्यूंची तुलना केली. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाप्रमाणे २००० ते २००५ या काळात गिधाडांच्या अभावी देशात सुमारे पाच लाख माणसे अधिक मेली. हा अंदाज आहे, शिरगणती नव्हे, आणि त्यावर वाद होऊ शकेल. पण तो दहा पटींनी फुगलेला आहे असे धरले तरी उरतात पन्नास हजार माणसे. त्या गृहस्थांनी ज्या इस्पितळांची काळजी वाहिली, त्या इस्पितळांत कुत्रे चावल्याची सुई घेण्यासाठी उभी असलेली रांग त्यांनी एकदा पाहावी. त्या रांगेतील किती माणसे एका पक्ष्याच्या मूत्रपिंडामुळे तेथे आली, याचा विचार करावा. मेलेले जनावर तपासण्याचा खर्च हा माणसाच्या तोंडचा घास काढून केलेला खर्च नव्हे; तो माणसाच्या उंबऱ्याबाहेर ठेवलेला पहारेकरी आहे.

पूर्वजांच्या शास्त्राचा आक्षेप आम्हांस सर्वांत अधिक टोचला, कारण तो काढणारे गृहस्थ जोह्याचे. जोहे आणि शेजारचे हमरापूर ही गणेशमूर्तींची गावे. मातीला हत्तीचे मस्तक देण्यात तेथील घराण्यांच्या पिढ्या गेल्या आहेत. सोंडेचा बाक कोठे वळावा, कानाची पाळ किती पातळ असावी, हे तेथील पोर शाळेत जाण्याआधी शिकते. पालकाप्याचा हस्त्यायुर्वेद खरोखरच मोठा ग्रंथ आहे. अंग देशाच्या रोमपाद राजास ऋषीने सांगितलेले हे शास्त्र महारोग, क्षुद्ररोग, शल्य आणि उत्तर अशा चार स्थानांत विभागलेले आहे, आणि पुण्याच्या आनंदाश्रमाने १८९४ साली ते छापून ठेवले आहे. पण त्याचा अभिमान बाळगणाऱ्या किती जणांनी त्याची पाने उलटली? उलटली असती तर त्यांना दिसले असते की हे हत्तीचे स्तोत्र नव्हे. हत्तीला होणाऱ्या रोगांची ती निरखून, वर्गवारी लावून केलेली नोंद आहे, आणि अशी नोंद हत्तींच्या सहवासात आयुष्य घालविणाऱ्यांवाचून होत नाही. सुश्रुताने तर शरीर जाणण्यासाठी प्रेत वाहत्या पाण्यात पिंजऱ्यात ठेवून, ते सडल्यावर थर थर सोलून पाहावे असे स्पष्ट सांगितले आहे. ज्यांनी पाहिले त्यांचे आपण वंशज म्हणवितो, आणि पाहण्याची मात्र किळस मानतो. बापाने विहीर खणली म्हणून मुलाने पाणी शेंदू नये, असे का शास्त्र आहे? २००२ साली कर्नाटकातून खरे रानटी हत्ती सिंधुदुर्गात उतरले. मातीच्या हत्तीला दहा दिवस मोदक देणाऱ्या कोकणाजवळ या खऱ्या हत्तींसाठी फटाके आणि मशाली यांपलीकडे फारसे काही नव्हते. त्यांना कोणते रोग होतात, ते कोणते जंत घेऊन आले, हा प्रश्न किती जणांस सुचला?

भूतदयेच्या आक्षेपाचा आम्ही आदर करतो. कारण त्यात सत्याचा अंश आहे. डायक्लोफेनॅक विष आहे हे सिद्ध करताना काही बंदिवान गिधाडांना ते मुद्दाम देण्यात आले व ती मेली, ही गोष्ट झाकून ठेवण्यात अर्थ नाही. तो प्रयोग करणाऱ्यांच्या माथी ते ओझे आहे. परंतु तराजूच्या दुसऱ्या पारड्यात लाखो गिधाडे आहेत, आणि ती ज्याने मारली त्या औषधाची सुई बैलाच्या कळवळ्यापोटीच टोचली गेली होती. भूतदयेला डोळे नसले म्हणजे काय होते याचे याहून भयंकर उदाहरण सापडणार नाही. शिवाय मेलेल्या प्राण्याचे शवविच्छेदन करण्यात कोणती क्रूरता? मृताला वेदना नाही. आणि त्याला मूठमाती दिली म्हणजे पुण्य लागते, पण त्याच रोगाने उद्या मरणाऱ्या त्याच्या भावंडांचे काय, हे विचारले म्हणजे किळस येते, ही दया नव्हे. हे आपल्या मनाच्या सोवळ्याचे रक्षण आहे.

सोवळे हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरला. या सर्व आक्षेपांच्या बुडाशी एकच गोष्ट आहे, आणि ती कोणी बोलत नाही. मेलेल्या जनावराला हात लावणे हे आपण हजारो वर्षे एका जातीच्या माथी मारले, आणि ते काम करते म्हणून तिलाच अस्पृश्य ठरविले. याच जिल्ह्यात, तेव्हाच्या कुलाब्यात, महाडला १९२७ च्या मार्चात डॉ. आंबेडकरांनी मेलेली ढोरे ओढण्याचे व मृतमांस खाण्याचे सोडा असे आपल्या बांधवांस सांगितले. ते सांगणे सर्वथा योग्य होते. माणुसकी विकून केलेली चाकरी कोणी का करावी? प्रश्न आहे तो उरलेल्या समाजाचा. ते काम ज्यांनी नाकारले त्यांच्या जागी आपण काय उभे केले? काहीही नाही. गिधाडे ते फुकट करीत होती, म्हणून आपले भागले. आणि गिधाडे गेली तेव्हा आपण नाकाला पदर लावला. ज्या समाजात मेलेल्यास शिवणारा हीन मानला जातो, त्या समाजातील हुशार मुलगा पशुवैद्य होण्याआधी दहादा विचार करतो, आणि झालाच तर शवविच्छेदनाच्या मेजापेक्षा कुत्र्या-मांजरांचा दवाखाना पसंत करतो. मुंबईस परळला पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ पासून आहे. मध्यमवर्गीय घरांत त्याचा उल्लेख होतो तो बहुधा 'मेडिकलला जागा मिळाली नाही, म्हणून' या वाक्यात. आमच्या मते अस्पृश्यतेचा हा शेष आपल्या शिक्षणात अजून घट्ट बसलेला आहे.

आपल्याकडे काहीच होत नाही असे मात्र कोणी समजू नये. तसे म्हणणे अन्यायाचे होईल. १९५७ साली शिमोग्याजवळच्या क्यासनूर रानात माकडे पटापट मरू लागली, आणि माणसेही. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातील मंडळींनी त्या मेलेल्या माकडांचा व गोचिडींचा पाठपुरावा करून नवाच विषाणू शोधून काढला. तोच माकडताप २०१६ साली सिंधुदुर्गात उतरला तेव्हा तो काय आहे हे ओळखता आले ते त्या जुन्या कामाच्या जोरावर. रानात माकड मरून पडले तर आरोग्य खात्यास कळवावे, हे आता बांद्या-दोडामार्गच्या शेतकऱ्यालाही माहीत आहे. १९९४ साली सेरेंगेटीतील सुमारे एक तृतीयांश सिंह कुत्र्यांच्या डिस्टेंपर रोगाने मेले होते; २०१८ साली गीरमध्ये वीसहून अधिक सिंह मेले तेव्हा तोच विषाणू तेथे असल्याचे पुण्याच्याच संस्थेने दाखविले. रायगडातही म्हसळा तालुक्यात चिरगावच्या बाजूस गिधाडांची वस्ती टिकावी म्हणून महाडची सिस्केप ही संस्था पंचवीसएक वर्षे झटत आहे. म्हणजे माणसे आहेत, बुद्धी आहे, पुण्यासारखी संस्था आहे. नाही ती समाजाची पाठ थोपटणारी थाप आणि सरकारची रोजची शिस्त.

ही शिस्त कशी नाही ते पाहा. वाघ मेला तर पंच बसतात, पशुवैद्य येतात, आतडी बाटलीत जातात, आणि मग दहन होते. हे योग्यच आहे. पण कोल्हा, तरस, रानडुक्कर, वटवाघूळ, घार, गिधाड मेले तर? बहुधा खड्डा. आणि औषधांचे म्हणाल तर डायक्लोफेनॅकवर बंदी आली, पण माणसांसाठी विकल्या जाणाऱ्या मोठ्या कुप्या गुरांना टोचल्या जातच राहिल्या; त्या तीन मिलिलिटरपुरत्या लहान करावयास २०१५ उजाडले. गुरांच्या शरीरात गेल्यावर ज्याचे डायक्लोफेनॅकच होते ते ॲसेक्लोफेनॅक, आणि त्याच्या जोडीचे किटोप्रोफेन यांवर बंदी आली ती २०२३ साली. निमेसुलाइडवर २०२४ च्या अखेरीस. एकेक औषध बाजारात येते, गिधाडे मरतात, कोणी तपासतो, मग दहा-पंधरा वर्षांनी बंदी. चोराने घर धुऊन नेल्यावर दर वेळी एकेक कडी बसविण्याचा हा प्रकार आहे. आणि दुसरीकडे आपण आफ्रिकेतून २०२२ व २०२३ साली वीस चित्ते मोठ्या थाटाने आणले. मध्यप्रदेशातील कुनोच्या पावसाळ्यात मानेच्या पट्ट्याखाली जखमा होऊन त्यांत अळ्या पडल्या आणि त्यांतील काही दगावले. प्राणी आणण्याचा समारंभ आपल्याला आवडतो. त्याच्या कातडीत काय शिजते हे आधी पाहण्याचा कंटाळा येतो.

आमचे मागणे थोडे आहे. पहिले, गुरांसाठी येणारे प्रत्येक नवे दाहशामक औषध बाजारात येण्याआधी गिधाडांना निर्धोक असल्याचे सिद्ध व्हावे. सिद्ध करण्याचा भार विकणाऱ्यावर असावा, मरणाऱ्यावर नव्हे. दुसरे, तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात मृत वन्य प्राण्याचे शवविच्छेदन करण्याची, नमुने थंड पेटीत घालून पाठविण्याची सोय आणि आज्ञा असावी. नागपूरजवळ गोरेवाड्यास वन्यप्राण्यांचे संशोधन केंद्र आहे. पण पेण-रोह्याहून ते राज्याच्या दुसऱ्या टोकास. कोकणातील नमुन्यांचे काम परळच्या महाविद्यालयाकडे नियमाने सोपविले तर ते दोन-तीन तासांच्या वाटेवर आहे. तिसरे, या तपासण्यांचे निष्कर्ष मराठीत, शेतकऱ्यास आणि औषधविक्यास समजतील असे, दर वर्षी छापले जावेत. अहवाल कपाटात राहिला तर शवविच्छेदन हे नुसते दुसरे दफन ठरते. आणि चौथे, सरकारकडे नव्हे तर वाचकांकडे: आपल्या घरातील मुलगा किंवा मुलगी मेलेल्या सरड्याला काडीने उलथून पाहू लागली तर 'शी' म्हणून ओढून आणण्याआधी, त्याचे पोट का फुगले असेल हा प्रश्न एकदा तिच्याबरोबर विचारून पाहावा.

वाड्मयाच्या मासिकात हा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. आमचे उत्तर असे की भाषेतला एक शब्द बदलल्यावाचून हे काम होणार नाही, आणि शब्दांचे राखण करणे हे या पानांचे काम आहे. आपण वाचून-लिहून शहाणे झालो ते मेलेल्यांचे लेखन वाचून. वाल्मीकी मेला, कालिदास मेला, ज्ञानेश्वर समाधिस्थ झाले, तरी त्यांच्याकडे आपण विचारावयास जातो. मेलेले गिधाडही तसेच एक पान आहे. त्याच्या मूत्रपिंडावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलेला मजकूर पंजाबात वाचला गेला, म्हणून तुमच्या-आमच्या गावच्या सीमेवर अजून थोडी गिधाडे आहेत. 'गिधाड' ही शिवी द्यावयाचीच असेल तर ती टपून बसणाऱ्यास देऊ नये. मेल्याचे जो काही शिकत नाही, त्याला द्यावी म्हटले, तर तोही गिधाडावर अन्याय होईल. गिधाड निदान मेलेल्याजवळ जाते.